उतरलेले वजन आणि उरलेले गुडघे
मुंबई-गोवा महामार्गावर जिथून विजयदुर्गाकडे आणि गगनबावड्यामार्गे कोल्हापूरकडे रस्ते फुटतात, त्या तळेऱ्यासारख्या गावात गुडघ्याच्या संधिवाताची, म्हणजे सांध्यातील कूर्चा झिजून हाडांवर ताण येण्याची, खरी परीक्षा एसटीच्या उंच पहिल्या पायरीवर होते: एक हात दांडीला, दुसरा मांडीवर, आणि बरा पाय आधी. वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे 2005 मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळले. म्हणूनच जठर लहान करणाऱ्या किंवा अन्नाची वाट वळवणाऱ्या बेरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर अनेकांच्या वेदना ओसरतात, झिजलेली कूर्चा मात्र परत येत नाही.

रुग्णाला सर्वांत आधी सांगायला हवे ते वेगळेच आहे. अन्नाची वाट वळवणाऱ्या जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांमुळे जठर आणि आतड्याच्या नव्या जोडावर व्रण होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे मेडिकलमधून सहज आणलेली जुन्या सवयीची गोळीच घातक ठरू शकते, आणि शस्त्रक्रिया शहरात झालेली व दुखणे गावात सोसायचे असताना हा इशारा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल बहुधा चालते. कॅल्शियम, ड आणि ब-12 जीवनसत्त्वांची पूरके मात्र रक्ततपासणीसह आयुष्यभर घ्यावी लागतात.