एका आवाजाचे दोन

साउंडचेकला गायक माइकसमोर आला की मागणी ठरलेली: "दादा, थोडा इको द्या ना." इको म्हणजे नक्की काय, हे मी विचारत बसत नाही. दोन ओळी गाऊन घेतो. बहुतेकांना खरं तर रिव्हर्ब, म्हणजे नुसता घुमारा, हवा असतो. काहींना आवाज जरा भरीव वाटायला हवा असतो, म्हणजे डबलिंग. शब्द मागून पुन्हा ऐकू येतो तो खराखुरा डिले फार थोड्यांना हवा असतो, आणि तो पेलणारी गाणी त्याहून थोडी.

डबलिंग आणि डिले यांच्यात फरक आहे तो फक्त मिलिसेकंदांचा. हेल्मुट हास यांनी 1949 साली आपल्या प्रबंधात हेच तपासलं होतं. तोच आवाज साधारण 30 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा आला तर कान त्याला वेगळा धरत नाही. दोन्ही मिळून एकच, थोडा जाड आवाज ऐकू येतो. पन्नासाच्या पुढे गेलात की दुसरा शब्द सुटा होऊ लागतो.

पण मिक्सरवरचं बटण दाबण्याआधी सभागृहाचा हिशेब करावा लागतो, कारण डिले तिथे आधीच हजर असतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम 34 सेंटिमीटर जातो. मागची भिंत रंगमंचापासून 25 मीटरवर असेल, तर तिच्यावर आपटून परतलेला आवाज गायकाला सुमारे 145 मिलिसेकंदांनी ऐकू येतो. मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रक सॅम फिलिप्स यांनी दोन टेप मशीन वापरून जो स्लॅपबॅक, म्हणजे एकच झटपट पडसाद, काढला, तो साधारण याच टापूतला. त्यांनी तो मेहनतीने मिळवला. आपल्याकडच्या कित्येक नाट्यगृहांत तो फुकट मिळतो आणि नको तेव्हा मिळतो. म्हणून मी आधी स्टेजवर जाऊन एक टाळी वाजवतो. भिंत उत्तर देत असेल तर त्या दिवशी डिलेला सुट्टी.

डबलिंगचं दुखणं निराळं. 1966 साली लंडनच्या ईएमआय स्टुडिओत तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी बीटल्ससाठी एका गाण्याचे दोन आवाज करण्याची यांत्रिक युक्ती शोधली, कारण जॉन लेनन यांना तेच गाणं दुसऱ्यांदा गायचा कंटाळा होता. त्यात दुसऱ्या टेपचा वेग किंचित कमीजास्त होत राही, आणि प्रतीत जीव यायचा तो त्या डळमळण्यामुळे. डिजिटल प्रत मात्र तंतोतंत असते. 10 मिलिसेकंद उशिराची तशी प्रत मूळ आवाजाइतकीच मोठी मिसळली, तर 50, 150, 250 हर्ट्झ अशा खाचा पडत जातात आणि गायक पाइपातून गातोय असं वाटतं. यावर पुस्तकी उपाय असा: दोन प्रती करा, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्हींचा सूर काही सेंटनी, म्हणजे कणभर, वरखाली सरकवा. हेडफोनवर हे छान लागतं. सभागृहात उजव्या कोपऱ्यातल्या खुर्चीला डावी प्रत मिळतच नाही. शिवाय तानपुरा चालू असताना सूर मुद्दाम सरकवणं मला पटत नाही. गायिकेने षड्ज लावायला आयुष्य घालवलेलं असतं, त्याच्या शेजारी मी सहा सेंट चढलेला षड्ज कशाला उभा करू? भावगीताला मी सूर हलवत नाही. फक्त 25 मिलिसेकंदांची एक प्रत, मूळ आवाजाच्या 10 डेसिबल खाली. सिनेमाच्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात एवढं सोवळं पाळत नाही. तिथे सूर सरकवतो, मजा येते.

डिलेचं गणित शाळकरी आहे: 60000 भागिले लय, म्हणजे मिनिटाला जितक्या मात्रा तितक्यांनी. अडचण अशी की आपली लय चढते. केरवा 92 वर सुरू होतो आणि तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत 98 वर गेलेला असतो. म्हणजे एका मात्रेचे 652 मिलिसेकंद आता 612 झाले. डिलेच्या पहिल्या पडसादाला हा फरक खपतो, तिसऱ्याला शब्द तबल्याच्या पायात येतो. म्हणून प्रत्येक अंतऱ्याआधी तबलजीच्या हाताकडे बघत टॅपचं बटण पुन्हा ठोकायचं. दादऱ्यात अर्ध्या-पाऊण मात्रेचे डिले मला आडवे जातात. तिथे पूर्ण मात्रा किंवा सरळ तीन मात्रा.

आणि डिले उघडा ठेवून द्यायचा नसतो. रिटर्नवर 200 हर्ट्झच्या खालचं आणि 4 किलोहर्ट्झच्या वरचं मी कापतो, नाहीतर प्रत्येक 'स' आणि 'च' परत परत थुंकला जातो. सेंडचा फेडर खालीच. ओळीचा शेवटचा शब्द आला की वर, शब्द संपला की खाली. त्यासाठी गाणं पाठ असावं लागतं, निदान कुठे श्वास आहे ते तरी. निवेदक बोलायला लागला की सगळे इफेक्ट एका बटणावर म्यूट; "रसिकहो" तीनदा ऐकू येण्यात कुणाचंच भलं नाही. मॉनिटरमध्ये तर डिले मी देतच नाही, गायक कितीही गोड बोलला तरी.

लावणीला मात्र यातलं काहीच नको. शब्द झपाझप येतात, आणि जिथे शब्द थांबतो तिथे ढोलकी आधीच पोचलेली असते. ढोलकीवाल्याने जागा सोडलीच नाही, तर मी शिरणार कुठून?