गुडघेदुखी, भोग आणि आजी

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शनिवारी सकाळी पुण्याहून सांगलीला घरी पोचलो, तर घरात चिडीचूप. आई गप्प, बाबा पेपरात तोंड खुपसून आणि आजी माळ ओढत बसलेली. प्रकरण असं होतं, की डॉक्टरांनी आजीच्या गुडघ्यांच्या वाट्या बदलायला सांगितल्या होत्या आणि आजीने साफ नकार दिला होता.

"अरे, हे माझे भोग आहेत. भोगून संपवायचे. अर्धवट ठेवून गेले तर ते फेडायला परत जन्म घ्यावा लागेल. नको रे बाबा परत ती शाळा न् ती लग्नं!"

आता यावर काय बोलणार? आपण पडलो इंजिनीअर. कूर्चा झिजली, हाडावर हाड घासतंय, पार्ट बदला, विषय संपला. पण आजी ७८ वर्षांची. तिच्यापुढे माझी डिग्री चालत नाही.

खरं सांगायचं तर 'भोग' या शब्दावर माझा जुना राग आहे. दोन वर्षांपूर्वी स्लिप डिस्कनं मी तीन आठवडे आडवा होतो. कूस बदलायची तरी डोळ्यांत पाणी. तेव्हा भेटायला आलेले एक काका "असतात एकेकाचे भोग" असं म्हणाले आणि शांतपणे बिस्कीट चहात बुडवून खाल्लं. मी छताकडे बघत विचार करत होतो, मागच्या जन्मी मी असा कुणाचा सर्व्हर पाडला होता?

असो. म्हटलं, आजीशी भांडायचं तर तिच्याच मैदानात उतरायला हवं. मग पुढचे दोन-तीन वीकेंड सिनेमे सोडून हेच वाचत बसलो.

पहिला धक्का सांख्यांनी दिला. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका सुरूच होते ती तीन प्रकारच्या दुःखांपासून. भूकंप-पुरासारखं, दैवी शक्तींकडून येणारं ते आधिदैविक. चोर, साप, विंचू (आणि मॅनेजर) यांच्याकडून येणारं ते आधिभौतिक. आणि स्वतःच्या शरीरात-मनात उपजतं ते आध्यात्मिक. म्हणजे ताप आध्यात्मिक, पित्त आध्यात्मिक आणि आजीची गुडघेदुखीसुद्धा चक्क आध्यात्मिक! औषधपाण्याबद्दल कारिका म्हणते, की त्यानं दुःख कायमचं आणि खात्रीनं जात नाही. पण म्हणून औषध घेऊच नका, असं काही ती म्हणत नाही.

मग चरक. रोगाच्या कारणांमध्ये त्याने 'प्रज्ञापराध' सांगितलाय. बुद्धी, धीर आणि स्मरण ढळल्यामुळे आपल्या हातून होणारी चुकीची कर्मं. रात्री दीड वाजता गादीवर पोक काढून, लॅपटॉप मांडीवर घेऊन कोड लिहिणं म्हणजे शुद्ध प्रज्ञापराध. माझी डिस्क सरकण्याला मागचा जन्म शोधायची गरजच नव्हती. :) आणि विमानस्थानात चरक सरळ विचारतो, की सगळंच आधी ठरलेलं असेल तर वैद्य आणि औषधं कशाला? त्याचं उत्तर असं, की दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, दोन्ही खरे. यातलं जे बलवान असेल ते दुसऱ्याला मागे सारतं.

आजीच्या बाजूने उभा आहे तो वेदान्त. संचित, प्रारब्ध आणि आगामी असे कर्माचे तीन हिशेब. ज्ञान झालं की साठलेलं संचित जळतं, पुढचं चिकटत नाही, पण ज्यामुळे हा देह मिळाला ते प्रारब्ध भोगूनच संपतं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात कुंभाराच्या चाकाचा दाखला दिलाय. हात काढून घेतला तरी वेग संपेपर्यंत चाक फिरतच राहतं. म्हणजे ज्ञान्याचाही देह दुखतो. फक्त 'हे माझं' म्हणणारा कुणी तिथे उरत नाही.

१९४८ च्या अखेरीस रमण महर्षींच्या डाव्या हातावर गाठ आली. निदान सार्कोमा. वर्षभरात चार ऑपरेशनं झाली. हात कापायला मात्र त्यांनी नकार दिला. १४ एप्रिल १९५० ला ते गेले. आयुष्यभर 'मी देह नाही' सांगणाऱ्या माणसाने तोच देह चार वेळा डॉक्टरांच्या हवाली केला, यावर मी बराच वेळ अडून बसलो.

पुढच्या शनिवारी हे सगळं आजीसमोर ओतलं. वर माझा हुकमी एक्का टाकला. "आजी, ऑपरेशन तुझ्या प्रारब्धातच असेल तर? ते टाळलंस तर तो भोग अर्धवट राहणार!"

आजी हसली. "वकील व्हायचास तू." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्या महर्षींनी ऑपरेशन का रे करून घेतलं?"

"आजूबाजूच्यांना बघवत नसेल बहुतेक."

आजी काहीच बोलली नाही. स्वयंपाकघरात आई कमरेवर हात ठेवून उभी होती. आजीला बाथरूमला न्यायला ती रात्री दोनदा उठायची, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आजी तिच्याकडे बघत होती. रविवारी सकाळी चहा घेताना म्हणाली, "डॉक्टरांना तारीख विचार. एकाच पायाचं करू आधी."

माझा हुकमी एक्का गेला वाया!

ऑपरेशननंतर फिजिओथेरपीची मुलगी गुडघा वाकवायची तेव्हा आजी मला म्हणायची, "बघ, कसा ओरडतोय तो." 'मला दुखतंय' असं म्हणालेलं मी एकदाही ऐकलं नाही. कायम 'तो' दुखायचा, जणू शेजारचं हट्टी पोर. पण माझा हात मात्र तिने घट्ट धरलेला असायचा आणि डोळे भरलेले असायचे.

भोग हा शब्द स्वतःच्या दुखण्याबद्दल वापरला तर त्यात ताकद असते, हे आजीकडून शिकलो. दुसऱ्याच्या उशाशी बसून तो वापरू नये, हे त्या काकांनी शिकवलंच होतं. 'तो दुखतोय' म्हणणं मला अजून जमलेलं नाही. कंबरेत चमक आली की मी अजूनही "मेलो!" म्हणूनच ओरडतो.