चाकावरचं घर आणि पाण्याखालचं गाव

मंडळी, होळीच्या सुट्टीत आम्ही मोटरहोमनं फिरून आलो हे कळल्यावर चैत्रातल्या हळदीकुंकवाला दोघीतिघींनी विचारलं, "कुठे, राजस्थान की केरळ?" उकाई म्हटल्यावर सगळ्या हसल्या. त्यांचंही बरोबर आहे. सुरतकरांसाठी उकाई म्हणजे शंभरेक किलोमीटरवरचं धरण, सकाळी निघून रात्री घरी यायचं. त्यासाठी झोपायची गाडी कशाला?

कल्पना आमच्या लेकीची. न्यूझीलंडच्या तळ्याकाठी गाडीत राहणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघून तिनं विचारलं, "आपल्याकडे पाणी नाही का?" भाड्याची गाडी मुंबईहून आली. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, आत पाच जणांची झोपायची सोय, दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रीज आणि कोपऱ्यात संडास-मोरी एकत्रच. चालक त्यांचाच. डिंडोलीच्या आमच्या सोसायटीत ती वळवताना वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी सूचना दिल्या. एका शेजाऱ्यांनी तर नारळ फोडला. भाड्याच्या गाडीपुढे!

आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. आत चढल्या, गाद्या दाबून पाहिल्या, नळ सोडून पाहिला, खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "घर चाकवर? हाई काय नवं शे का?" मला वाटलं, थट्टा करताहेत.

आता थोडं मागचं सांगते, कारण आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही. आईंचं माहेर उच्छल भागातलं, अगदी तापीकाठचं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्याच नावाची नवी वसाहत आज दुसरीकडे आहे आणि लोकांचा गोंधळ होतो. आई जन्मल्या तेव्हा ते गाव पश्चिम खानदेशात होतं. 1960 साली राज्यं वेगळी झाली तेव्हा नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या भागातली दीडशेच्या वर गावं गुजरातेत गेली, त्यात हेही गेलं. लोक जागचे हलले नाहीत, राज्य बदललं. मग उकाई धरण आलं. 1972 साली ते पूर्ण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. जलाशय भरला की सुमारे 600 चौरस किलोमीटर पाणी. आम्ही सुरतेत नळ सोडतो, उसाला पाणी मिळतं, ते सगळं त्यातलंच.

आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या, त्याच उन्हाळ्यात गाव उठलं. म्हणजे आमच्या ह्यांचं जन्मगाव आज जलाशयाच्या तळाशी आहे. आधार कार्डावर मात्र पत्ता सुरतेचा, त्यामुळे कधी कुणी विचारलं नाही आणि ह्यांनीही कधी सांगितलं नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मला हे 2006 मध्ये कळलं. त्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला, आमच्या जुन्या घरात छातीएवढं पाणी. गच्चीवर तीन दिवस बसलेलो असताना सगळे रडत होते, आई शांत. म्हणाल्या, "हे पाणी ओळखीचं आहे."

तर गाडी निघाली. बारडोली, व्यारा, सोनगड. बडोद्याच्या आधी गायकवाडांचं ठाणं सोनगडला होतं, हे मी मुलांना खिडकीतून किल्ला दाखवत सांगितलं. लेक म्हणाली, "मम्मी, पळस बघ." खरंच, किल्ल्यापेक्षा पळसच बघण्यासारखा होता. पान एक नाही आणि झाड पेटल्यासारखं केशरी. आपण इथे त्याला केसुडो म्हणायला लागलो आहोत. आई मात्र पळसच म्हणतात. सोनगडच्या पुढे रस्त्यावर पोरं दोरी आडवी धरून फाग मागत होती. चालकदादा मुंबईचे, ते घाबरले. आईंनी खिडकी उघडून दहा-दहाच्या नोटा दिल्या आणि प्रत्येक दोरीशी पाच मिनिटं गप्पा मारल्या. असे सात थांबे झाले.

मोटरहोमबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी एवढंच: रस्ता अरुंद झाला की बाभळीच्या फांद्या छतावर ओरखडे काढतात, आणि पाण्याची टाकी तुम्हाला वाटते त्याच्या निम्मी पुरते. आमचे चिरंजीव पहिल्याच संध्याकाळी नीट अंघोळ करून बसले, टाकी रिकामी. समोर एवढा जलाशय आणि आम्ही हातपंपावरून बादल्या वाहतोय! पंपही दुसऱ्या दिवशी रुसला. मग गंज आणि तांब्या बाहेर आले आणि सगळं सुरळीत चालू झालं.

मुक्काम उच्छलच्या पुढे, एका शेतकऱ्याच्या बांधावर, त्यांना विचारून. मार्चमध्ये पाणी मागे सरकतं, मोकळ्या झालेल्या गाळात लोक पीक घेतात. मोहाच्या फुलांचा गोड, जड वास सगळीकडे. दुपारी एक मच्छीमार दादा होडीतून न्यायला तयार झाले. आई चढतील असं मला वाटलं नव्हतं, त्या सगळ्यांच्या आधी चढल्या.

आईंना नकाशा वाचता येत नाही. त्या टेकड्या बघत होत्या. डावीकडची चपटी, उजवीकडची खांदा उतरलेली. ह्या दोन्हींच्या मध्ये सूर्य बुडायचा तो आमच्या ओट्यावरून दिसायचा, एवढीच खूण. दादा होडी थोडी पुढे, थोडी मागे घेत राहिले. एका जागी आईंनी हात वर केला. इंजिन बंद झालं. "आठेच व्हतं," म्हणाल्या.

खरं सांगते, मला शंका होती. पन्नास वर्षांत नजर चुकते, आणि पाण्यावर सगळ्या जागा सारख्याच. पण हे कधी नव्हे ते वाकले आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घालून बसले. लेकीनं फोन काढला. नकाशावर आमच्याभोवती नुसता निळा रंग. तिनं तिथे खूण केली आणि नाव लिहिलं: पप्पांचं घर.

रात्री आई गाडीत झोपेनात. शेतकऱ्याच्या घरून खाट आणली. तिथे पडल्या पडल्या त्यांनी सांगितलं. घर सोडताना वडिलांनी कौलं उतरवली, सागाचे खांब काढले, दार चौकटीसकट उपटलं, सगळं बैलगाडीत. आडवं ठेवलेलं दार, त्यावर गोधडी, गोधडीवर महिन्याभराच्या बाळाला घेऊन आई. "मग? घर चाकवरच व्हतं ना!" चिरंजीवांना अहिराणी पुरती कळत नाही, आई बोलतात आणि तो गुजरातीत उत्तर देतो, तरी दोघांचं चालतं. त्यानं विचारलं, दार आता कुठे आहे? नव्या वसाहतीत लावलं, पुढे मामांनी सिमेंटचं घर बांधलं तेव्हा विकलं. "दोनशेला," आई म्हणाल्या. एवढंच त्यांच्या आवाजात रागावल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी नवापूर स्टेशनवर मुलांनी अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत असलेल्या बाकावर फोटो काढले. नंदुरबारबाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांची लाल शेतं दिसली. काचा बंद करूनही सगळे शिंकत होते. आणि मग प्रकाशा, तापी-गोमाईचा संगम, ज्याला दक्षिण काशी म्हणतात. आईंच्या वडिलांच्या अस्थी इथे सोडल्या होत्या. मी विचारलं, नाशिकला का नाही नेल्या? आई म्हणाल्या, त्यांनीच सांगून ठेवलं होतं. प्रकाशा वर आहे, गाव खाली. इथून सोडलं की पाणी गावावरूनच जातं.

परतताना मच्छीमार दादांचा फोन नंबर आईंनी लेकीकडून वहीत लिहून घेतला. होडीत त्यांनी सांगितलं होतं की पाणी फार उतरलं, तीनशे फुटांच्या खाली गेलं, की जुन्या देवळाचे दगड कधीकधी वर येतात. आपण सुरतेत पावसाळाभर उकाईची लेव्हल वाचतो ती 345 कडे चढतेय का म्हणून, धास्तीनं. आईंनी ती आता उन्हाळ्यात विचारायला सुरुवात केली आहे. रोज संध्याकाळी नातू फोनवर बघून सांगतो. काल 316 होती.

"अजून बरंच शे," म्हणाल्या, आणि चहा मागितला.