दोघांसाठी एक शांत बेट

दिवाळीच्या सुट्टीत दोघांनीच कुठेतरी जायचे, आणि जायचे तर बेटावरच, एवढे ठरायला आम्हाला लग्नानंतर एकोणीस वर्षे लागली. आतापर्यंतचे आमचे प्रवास म्हणजे नातेवाइकांची लग्ने, अकीके, मयती आणि मुलांच्या परीक्षांची केंद्रे. आम्ही दोघेही शिक्षक. एकाकडे मराठी, दुसऱ्याकडे उर्दू. राहतो गंजाडला, डहाणू तालुक्यात. समुद्र तालुक्यातच आहे, पण गावातून दिसत नाही. दिसतात डोंगर आणि भाताची खाचरे. तरी मासेमारीचे जाळे कापडावर कसे पसरावे हे जगाला दाखवले ते याच गावच्या जिव्या सोमा मशे यांनी. वारली चित्रकलेसाठी २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आम्ही वर्गात त्यांचे जाळ्याचे चित्र दाखवतो, तेव्हा ज्या मुलांनी होडीत पाय ठेवलेला नाही तीही जाळ्यात मासे मोजत बसतात.

समुद्राची ओढ मात्र आमच्याकडे दुसऱ्या वाटेने आली. आमच्यापैकी एकाचे वडील रत्नागिरीकडचे, आयुष्यभर बोटीवर खलाशी. नऊ-नऊ महिने घराबाहेर. अम्मीने ते दिवस मनीऑर्डर आणि खतांवर काढले. ती स्वतः कधी बोटीत बसली नाही. एडनहून कोलंबोकडे जाताना रात्री मिनिकॉयचा दिवा दिसला की आता आपला मुलूख जवळ आला असे वाटायचे, ही अब्बांची गोष्ट घरात शंभर वेळा सांगून झाली आहे. बेटावर ते कधी उतरले नाहीत. फक्त दिवा पाहिला.

बेत कळल्यावर घरात बोलणे झालेच. "मुलांना सोडून?" हा पहिला प्रश्न. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा चौदाचा. अम्मीजवळ आठ दिवस ते मजेत राहतील. दुसरा प्रश्न खालाचा होता आणि तो जड होता. "एवढ्या पैशात उमरा होईल की!" उमऱ्याची बचत आम्ही वेगळी ठेवली आहे, तिला हात लावायचा नाही हे दोघांनी आधीच ठरवले होते. हा खर्च वर्षभर दर महिन्याला बाजूला काढलेल्या पैशांतून. खाला गप्प बसल्या, पटले असे म्हणता येणार नाही. नवरा-बायकोने एकमेकांना वेळ देणे ही चैन आहे की गरज, यावर आपल्या घरांत अजून मोकळेपणाने बोलले जात नाही.

मग कोणते बेट? डहाणूचाच किनारा का नको, हेही काहींनी विचारले. बोर्डीच्या सुरूच्या बनात आम्ही दरवर्षी जातो. पण तिथे ओहोटीला पाणी लांब मागे सरते, आणि बुरखा घालून पाण्यात उतरलेल्या बाईला ओळखणारे पालक किनाऱ्यावर पाच तरी भेटतात. शिवाय वाढवणला समुद्रात भर घालून मोठे बंदर होणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. आपल्या तालुक्याचा समुद्र पुढे किती शांत राहील, कोण जाणे.

शांत म्हणजे काय, हे आम्ही आधी बोलून घेतले. पाच वेळा नमाजची जागा शोधत फिरावे लागू नये. खाणे हलाल आहे का, हे प्रत्येक ताटापुढे विचारावे लागू नये. पूर्ण कपड्यांत पाण्यात उतरता यावे आणि कुणी वळून पाहू नये. आणि होडी अशी हवी, की दोघांनी बसून आपल्या हाताने वल्हवता येईल; चाळीस जणांत गाणी लावून फिरवणारी नको.

दीव पहिल्यांदा सुचले, कारण गुजरातच्या बाजूने ते आम्हाला सोपे. किल्ला सुंदर, समुद्रातला पाणीकोठा पाहण्यासारखा. पण दीव पुलांनी जमिनीला जोडलेले आहे, आणि गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे सुट्टीत तिथे कशासाठी गर्दी होते ते सांगायला नको. त्यातून दिवाळी म्हणजे गुजराती कुटुंबांच्या सहलींचा हंगाम. दीव फेब्रुवारीत जाण्याचे ठिकाण आहे. मुरूडचा जंजिरा आणि मालवणचा सिंधुदुर्ग पाहायला हवेतच, पण तिथे होडीने जायचे, किल्ला पाहायचा आणि किनाऱ्यावर परतायचे. मुक्काम बेटावर होत नाही. घारापुरीलाही पर्यटकाला रात्री राहता येत नाही.

अंदमानावर आमचा जीव बराच वेळ रेंगाळला. उर्दू शिकवणाऱ्याला तिथे जावेसे वाटणारच. अल्लामा फज़ले हक खैराबादी १८५७ च्या उठावानंतर तिथे जन्मठेप भोगत १८६१ मध्ये वारले. त्यांची कबर तिथेच आहे. जाफर थानेसरी मात्र सुटून परत आले आणि त्यांनी आपल्या काळ्या पाण्याची हकीकत लिहून ठेवली. नील बेट, ज्याला २०१८ पासून शहीद द्वीप म्हणतात, शांत आहे असे जाऊन आलेले सांगतात. पण विमानाचे भाडे दोघांच्या हिशेबात बसेना. आणि खरे सांगायचे तर त्या कबरीपाशी जायचे असेल तर वेगळ्या मनाने जावे. वल्हे हातात घेऊन नव्हे.

मालदीवचे नाव मुलीने काढले. २००९ पासून तिथे लोकवस्तीच्या बेटांवरही पाहुण्यांसाठी घरे उघडली आहेत, ती महागड्या रिसॉर्टपेक्षा स्वस्त पडतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे काझी होता, आणि बायकांच्या पेहरावावरून त्याचे त्या लोकांशी जमले नाही, हे त्याने स्वतःच लिहिले आहे. पाहुण्याने गावात येऊन लगेच काझी होऊ नये, असे आम्हाला ते वाचताना नेहमी वाटते. मालदीव पुढे कधीतरी.

लांबचा बेत करण्याआधी होडीची सवय आहे का, हे तपासायला आम्ही एका रविवारी अर्नाळ्याला गेलो. आपल्या पालघर जिल्ह्यातलेच बेट. डहाणू रोडहून लोकलने विरार, तिथून बसने अर्नाळा. कोळीवाड्यातून किनाऱ्यावर गेले की समोर वैतरणेच्या मुखाशी किल्ला दिसतो. आम्ही गेलो तेव्हा चपला हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून चालत होडीत चढावे लागले. बुरखा भिजला, पँट भिजली. कुणाला त्याचे काही नव्हते, कारण सगळेच भिजलेले. होडीत गॅसची टाकी, दोन शाळकरी पोरे, बर्फाची लादी आणि आम्ही. दहा-बारा मिनिटांत पलीकडे.

बेटावर कोळ्यांचे गाव आहे. वलांडीवर बोंबील वाळत होते. किल्ला १५१६ चा म्हणतात, गुजरातच्या सुलतानांच्या काळातला. मग पोर्तुगीजांनी घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी. आत मंदिर आहे, दर्गा आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूंनी खारे पाणी असताना आतले पाणी गोडे कसे, यावर विज्ञानाचा एक तास सहज घेता येईल. जुहरची नमाज आम्ही तटाच्या सावलीत अदा केली. खाली एक म्हातारी कोळीण जाळे शिवत होती. तिने आम्हाला पाहिले आणि सरळ विचारले, "राहायला आलाव, का बघायला?" बघायला, असे आम्ही म्हणालो. ती पुन्हा जाळ्याकडे वळली.

तिचे वळणे रागाचे नव्हते. पण आम्हाला ते लागले, कारण गंजाडमध्ये आम्ही रोज दुसऱ्या बाजूला असतो. गाड्या येतात, लोक वारली चित्रांच्या भिंतींचे फोटो काढतात. चित्र संपले तरी फोटो चालूच राहतात. अंगणात भात पाखडणाऱ्या बाईचे, चुलीचे, नागड्या पोराचे. आमच्या वर्गातल्या एका मुलाने एकदा विचारले होते, "आमच्या घरात ते काय बघतात?" त्याला द्यायला चांगले उत्तर आमच्याकडे नव्हते. पाहुण्यांमुळे गावाला पैसा मिळतो हे खरे. पण त्या मुलाने पैशाबद्दल विचारले नव्हते.

त्या रविवारनंतर लक्षद्वीपकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. छत्तीस बेटे, त्यातली दहा वस्तीची, सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटर. एकट्या डहाणू तालुक्यात अशी कितीतरी लक्षद्वीपे मावतील. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास, त्यात शंभरातले ९६ मुसलमान. मशिदी पावलापावलावर. दारू बंगारामसारख्या पर्यटकांसाठीच्या निर्जन बेटाचा अपवाद सोडला तर बंद. पण तिथे जायला परवाना लागतो, आणि इथेच आमच्या एका मित्राचे डोके फिरले. "आपल्याच देशात जायला परवानगी कशाला?"

गंजाडमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. लक्षद्वीपचे मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात, आमच्या वारल्यांसारखे. आदिवासीची जमीन बाहेरच्याला सहज घेता येऊ नये म्हणून इथे कायदा आहे. तिथे बाहेरच्याने किती आणि कसे यावे यासाठी १९६७ पासून नियम आहेत. वाळूच्या खाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर, एवढेच त्या बेटांचे विहिरीचे पाणी. जास्त उपसले की खारे वर येते. समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प कवरत्तीला २००५ मध्ये झाला, मिनिकॉय आणि अगत्तीला २०११ मध्ये. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीचे फोटो आल्यावर सगळ्या देशाला तिथे जावेसे वाटू लागले. बेट शांत आहे ते आपोआप नाही. कुणीतरी दार थोडे लोटून धरले आहे म्हणून आहे.

आता दहांपैकी कोणते, यावर आमचे खरे भांडण झाले. एकाचे मत कल्पेनी. १८४७ च्या वादळाने तिथे पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा बांधच आणून टाकला म्हणतात. आणि त्या बेटांवर मुलींनी सर्वांत आधी शाळेची पायरी चढली ती कल्पेनीत, असे तिथली सरकारी माहिती सांगते. शिक्षकाला आणखी काय हवे? दुसऱ्याचे मत अर्थातच मिनिकॉय. तोडगा म्हणून जहाजाची सहल होती. पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर. दोघांचेही ऐकले गेले असते. पण मग अर्नाळ्याच्या म्हातारीला आमचे उत्तर पुन्हा तेच, बघायला.

म्हणून एकच बेट, मुक्काम करून. मिनिकॉय. कल्पेनीवाल्याने माघार घेतली ती लिपीमुळे. बाकी लक्षद्वीपमध्ये मल्याळमच्या जवळची बोली आहे. मिनिकॉयमध्ये मात्र माहल बोलतात, मालदीवच्या भाषेची बहीण. तिची थाना लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे चालते, आणि तिची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांवरून बनलेली आहेत. म्हणजे त्यांनी एक, दोन, तीनची अ, आ, इ केली! हे कळल्यावर घरात दोन दिवस कागदावर दुसरे काही लिहिले गेले नाही. तिथले पुरुषही पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर नोकरी करणारे, घर आणि गाव चालवायला बायका मागे. अम्मीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग तिथं जाऊन तुम्ही नवीन काय पाहणार?"

जाण्याचा विचार करणाऱ्या वाचकांसाठी थोडे कामाचे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, जहाजे कमी असतात. ऑक्टोबर ते एप्रिल बरे. शिक्षकांची मे महिन्याची सुट्टी उशिराची ठरते. आमच्या बाजूच्या लोकांनी वसई रोडहून कोकण रेल्वेने एर्नाकुलमला जावे. पुढे कोचीहून जहाज. विमान फक्त अगत्तीपर्यंत आहे. जहाज, परवाना आणि राहण्याची जागा तिन्ही जुळली तरच निघावे, नियम वरचेवर बदलतात म्हणून निघण्यापूर्वी ताजे विचारून घ्यावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळाची शक्यता असते, डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला ओखी तिथूनच गेले; परतीच्या तिकिटात दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. होडी किंवा कयाक खडकांच्या आतल्या उथळ पाण्यातच न्यावी, जीवरक्षक जाकीट घालून, आणि भरती-ओहोटीची वेळ बेटावरच्या माणसाला विचारून. पोहता येते हा आत्मविश्वास घरी ठेवावा. प्रवाळ उचलू नये, मेलेला दिसला तरी. तो कायद्याने गुन्हा आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्या परत आणाव्यात. पाणी घरच्यासारखे नव्हे, उन्हाळ्यातल्या गंजाडसारखे वापरावे. आणि अंगणात बसलेल्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये.

कागद जमवले, अर्ज गेला. पोलीस ठाण्यात चारित्र्याचा दाखला मागायला गेलो तेव्हा तिथल्या हवालदारांनी कारण विचारले. फिरायला, असे सांगितले. "दोघंच?" त्यांनी पुन्हा विचारले आणि हसून शिक्का मारला.

अम्मीने मात्र एकच चौकशी केली. १८८५ पासून लागणारा तो दिवा खोलीच्या खिडकीतून दिसेल का? आम्ही सांगितले, अर्जात तसा रकाना नाही. ती म्हणाली, मग फोन करून विचारा.