गोठ्याची वही

आमच्या सोप्यातल्या कोनाड्यात रतीबाची वही असायची. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, दोऱ्यानं बांधलेली. घरातले दागिने कुठं आहेत हे आम्हा मुलांना ठाऊक नव्हतं, पण वहीची जागा पक्की ठाऊक होती, कारण तिला हात लावायचा नाही हे चालायला लागल्यापासून बजावलेलं. सहावीत गेल्यावर माझं अक्षर वळणदार आहे म्हणून आजोबांनी ती माझ्या पुढ्यात ठेवली. "आजपासनं तू लिही," एवढंच म्हणाले. तेव्हापासून संध्याकाळी ते सांगायचे आणि मी लिहायची. कुणाकडं किती दूध गेलं, कुणाचा खाडा, कुणाकडून पैसे आले. पुढं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न होऊन मी दुसऱ्या गावी गेले. वही दुसऱ्या हातांत गेली आणि काही वर्षांनी बंदही पडली. आता त्या सगळ्या वह्यांचं गाठोडं माझ्याकडं आहे आणि आमच्या गोठ्याचा इतिहास लिहून ठेवायचं काम मी अंगावर घेतलं आहे.

आमचं गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं. सर्वांत जुनी वही पणजोबांच्या हातची, मोडीतली. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडून ती पानं वाचून घेतली तेव्हा घरातल्या कुणालाच माहीत नसलेलं पुष्कळ काही पुढं आलं. दुधाची मापं शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक अशी. गिऱ्हाइकांची नावं क्वचित. बहुतेकांची ओळख घरावरून किंवा धंद्यावरून लिहिलेली. वाड्यातल्या आक्का, वेशीजवळचे मास्तर, तालमीतला पैलवान. पैलवानाच्या नावापुढचा आकडा काही महिन्यांत एकदम दुप्पट होतो. ते कुस्तीच्या मैदानांचे दिवस. शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलेल्या शहराला दूध पुरवणाऱ्या गोठ्याच्या वहीत कुस्तीचा हंगाम असा आकड्यांतून उमटलेला आहे. बाळंतिणीचं घर, आजारी माणसाचं घर, सुटीत पाहुण्यांनी भरलेलं घर, सगळं त्या कमीजास्त मापांतून कळतं.

पणजोबांच्या दावणीला होत्या त्या पंढरपुरी म्हशी. तलवारीसारखी लांब, मागं खांद्यांच्याही पलीकडं जाणारी शिंगं ही त्यांची ओळख. कोरड्या वैरणीवर टिकणारी, वेताला नेमाची आणि जागा बदलली तरी पान्हा न चोरणारी ही जात. गवळ्यांना म्हैस गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन धार काढून देता आली ती तिच्या या स्वभावामुळं. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दुधाचा पेला हातात देण्याची रीत त्यातूनच रुजली. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून याच म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागं धावतात आणि अख्खं शहर रस्त्याच्या कडेला उभं राहतं.

वहीत शेराचा लिटर झाला तो आजोबांच्या काळात. १९५६च्या कायद्यानं दशमान पद्धत ठरली आणि १९५८पासून ती टप्प्याटप्प्यानं बाजारात आली. काही पानांवर दोन्ही मापं शेजारी शेजारी आहेत, म्हणजे गिऱ्हाईक जुन्या मापानं मागायचं आणि आजोबा नव्यानं मोजायचे. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला, तोच आज सगळे ज्याला गोकुळ म्हणतात तो. पुढं गावात दूध संस्था निघाली. मी वही लिहायला लागले तोवर रतीबाची निम्मी घरं सुटली होती आणि बाकीचं दूध किटलीतून संस्थेत जात होतं. वहीत एक नवा रकाना आला होता: फॅट.

पुढं आजोबांच्या जागी सभासद झालेल्या आप्पांबरोबर मी संस्थेत जायची. तपासणीचं टेबल मला अजून दिसतं. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये आधी १० मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर पिपेटनं मोजून १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका बसण्याइतकी तापायची. मग ती यंत्रात गरागरा फिरायची आणि मानेवरच्या आकड्यांशी पिवळसर थर येऊन थांबायचा. तो थर किती जाड, तेवढं फॅट. म्हशीच्या दुधाला किमान ६ टक्के फॅट लागायचं. त्याआधी आजी बोटावर थेंब घेऊन तो किती वेळ टिकतो यावरून दूध जोखायची. त्या टेबलामुळं चांगल्या दुधाची व्याख्या बदलली आणि तिच्या मागोमाग गोठाही बदलला. सरकी पेंड किती घालायची, आंबोण कधी द्यायचं, कोणती रेडी ठेवायची, सगळं त्या थरावर ठरू लागलं. दर दहा दिवसांनी बिल मिळू लागलं. आजोबा रतीबाच्या पैशांसाठी घरोघर फिरायचे, ते थांबलं. माझी कॉलेजची फी दहा दिवसांच्या बिलातून गेली आणि धाकट्या आत्याचं लग्न दिवाळीच्या फरकावर झालं. सहकारानं आमच्या घराला काय दिलं हे मला कुणी भाषणात सांगावं लागत नाही, ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

या चळवळीचा मोठा इतिहास नीट जपला गेला आहे. आणंदची अमूल १९४६ची, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ १९६५चं, ऑपरेशन फ्लड १९७०पासूनचं. वर्गीस कुरियन यांचा २६ नोव्हेंबर हा जन्मदिवस देशात राष्ट्रीय दुग्ध दिन म्हणून पाळतात. १९७६च्या 'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन दोन रुपये दिले आणि त्याच्या पटकथेत आपले विजय तेंडुलकर होते. हे सगळं ग्रंथालयांत, चित्रफितींत सुरक्षित आहे. पण त्या पाच लाखांसारख्या घरांमागं जो एकेक गोठा होता, त्याचा इतिहास कोनाड्यात, माळ्यावर आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. तो सांभाळणारी संस्था नाही. ते घरालाच करावं लागतं.

२०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरानं हे कळून चुकलं. पंचगंगेचं पाणी गावात शिरलं. जनावरांची दावी सोडून त्यांना उंचावरच्या माळावर नेण्यात सगळे गुंतले होते आणि ते बरोबरच होतं. वह्यांचं गाठोडं माळ्यावर असूनही भिजलं. पाणी ओसरल्यावर मी गावी पोचले तेव्हा काकी वह्या उन्हात घालायला निघाल्या होत्या. आम्ही त्या सावलीत ठेवल्या, पानांमध्ये कोरे कागद सरकवले, ओले झाले की बदलले आणि चिकटलेली पानं ओढून सोडवली नाहीत. वाळायला बरेच दिवस लागले. वाळल्यावर दिसलं की शाईच्या पेनानं लिहिलेली निळी पानं जवळजवळ धुऊन गेली होती. बॉलपेनची पानं शाबूत होती. पणजोबांची काळी मोडी कडांना पसरली होती, पण मधे वाचता येत होती. आजोबांनी शाईचं पेन वापरलं ती बरीचशी वर्षं आता फक्त आमच्या आठवणीत आहेत.

त्याहून मोठं नुकसान पुराशिवाय झालेलं होतं. संस्थेत संगणकी काटा आणि यंत्रावरची फॅट तपासणी आल्यापासून रोज छापील चिठ्ठी मिळते. आप्पांनी त्या चिठ्ठ्या महिनावार रबर लावून डब्यात ठेवलेल्या. डबा पुराच्या पाण्याच्या वर, कोरडा ठणठणीत. उघडला तर चिठ्ठ्या पांढऱ्या. त्या कागदावरची छपाई उष्णतेनं उमटते आणि काही महिन्यांत विरून जाते. आता हिशेब मोबाइलवर येतो, फोन बदलला की तोही जातो. म्हणजे पणजोबांनी मास्तरांना किती पावशेर दूध घातलं हे मला सांगता येतं आणि दहा वर्षांपूर्वी आमच्या गोठ्यात किती दूध निघत होतं हे सांगता येत नाही. जुनं जपावं लागतं आणि नवं आपोआप जपलं जातं, असा सगळ्याच घरांचा समज असतो. आमच्याकडं उलटं घडलं.

मग वहीत जे कधीच नव्हतं त्याकडं वळले. थोरल्या आई, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्या, आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्यापाशी मी म्हशींची वंशावळ मांडायला बसले. गोठ्याची वंशावळ आईकडून चालते. रेडे विकले जातात, रेड्या राहतात. मी कागदावर चांदीखाली सुंदरी लिहिली, तसा थोरल्या आईंनी माझा हात धरला. "सुंदरी चांदीची न्हवं. लाडीची. चांदीला पैल्या येताला रेडा झाला, आन् दुसऱ्याला ती दगडीनं एका सडानं गेली." कुठल्या म्हशीला कितव्या वेताला काय झालं, कोण गाभडली, कोण घटसर्पात गेली, कोण भाकड असूनही आजीनं बाजारात धाडू दिली नाही, हे त्या न थांबता सांगत गेल्या. मी फोनवर ध्वनिमुद्रण केलं आणि रात्री कागदावर उतरवलं. लाडीपासून आज दावणीला असलेल्या म्हशीपर्यंत साखळी जुळली. आताच्या जनावरांच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो, त्यामुळं साखळीच्या शेवटच्या कडीला नाव आहे आणि क्रमांकही.

ती साखळी हातात आल्यावर मी लग्नाकार्यांचे जुने फोटो पुन्हा पाहिले. माणसांच्या मागं कुठंतरी म्हैस आलेली असतेच. आत्याच्या लग्नातल्या फोटोत मांडवाच्या कडेला पंढरपुरी म्हैस उभी आहे, शिंगं चौकटीबाहेर गेलेली. पुढच्या फोटोंत शिंगं आखूड होत जातात, वळतात, आणि अलीकडच्या फोटोंत मुऱ्ह्यासारखी घट्ट गुंडाळलेली दिसतात. गावातल्या रेड्याची जागा कृत्रिम रेतनानं घेतली आणि दूध वाढावं म्हणून मुऱ्हा जातीच्या कांड्या भरल्या गेल्या, त्याची ही साक्ष. असा निर्णय आपल्या घरात झाला हे कुठल्याच कागदावर नाही, फोटोंतल्या शिंगांत आहे. आम्ही आता प्रत्येक फोटोच्या मागं पेन्सिलीनं माणसांबरोबर म्हशीचंही नाव लिहिलं आहे.

आणि एक गोष्ट कुठल्याच कागदावर नाही, फोटोतही नाही. चारही पिढ्यांच्या वह्यांत किती दूध निघालं ते आहे. ते कुणी काढलं ते एकाही पानावर नाही. संस्थेचं सभासदत्व आधी आजोबांच्या नावावर, मग आप्पांच्या. बिलाची उचल, सही, सभेला हजेरी त्यांची. धारा काढल्या आजीनं, आईनं, दोन्ही चुलत्यांनी. पहाटे अंधारात शेणघाण काढायची, कास कोमट पाण्यानं धुवायची, रेडकाला दोन घोट पाजून बाजूला बांधायचं, पान्हा उतरला की कासंडी गुडघ्यांत धरून बसायचं. थोरल्या आईंनी मला हात दाखवला. सड चार बोटांनी मुठीत धरून वरून खाली दाबत यायचं. अंगठा दुमडून ओढलं तर सडाला इजा होते, हे आजीनं त्यांना नवी सून असताना शिकवलेलं. दाखवताना त्यांची बोटं आपोआप वळली. नख कधी वाढू दिलं नाही, बाळंतपणातला महिना सोडला तर खाडा नाही, माहेरचं लग्न असलं तरी एका धारेचा परतायचा हिशेब. गिऱ्हाइकाचा खाडा आम्ही नेमानं लिहिला; धार काढणारीचा खाडाच नव्हता म्हणून तिला वहीत जागा मिळाली नाही.

जुना गोठा उतरवायचं ठरलं आहे. पुरानंतर भिंती फुगल्या आहेत आणि चुलतभावानं वरच्या रानात मुक्त गोठा बांधला आहे. धार आता यंत्रानं निघते आणि माझ्या वहिनीच्या कमरेला त्यानं आराम मिळाला आहे, याचा मला आनंद आहे. पाडण्याआधी आम्ही जुन्या गोठ्याचा नकाशा काढला: दावण कुठं, गव्हाणी किती, आजी बसायची तो दगड कुठला. एक घडीव गव्हाण, कासंडी, मापं आणि लॅक्टोमीटर ठेवायचं ठरलं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधली: ही काय, कुणी वापरली, कधीपर्यंत. वह्यांची पानं फोटो काढून तीन घरांत ठेवली, एक पुण्याला, म्हणजे पुन्हा पूर आला तरी सगळं एकदम जाणार नाही.

आणि रतीबाची वही आम्ही पुन्हा सुरू केली. दर बिलाला मोबाइलवरचे आकडे बॉलपेननं हातानं उतरवायचे हे माझ्या भाचीकडं आहे. तिच्या वहीत लिटर आणि फॅट यांच्याआधी एक रकाना आहे: धार कुणी काढली. वैरण कुणी आणली, गाभण म्हशीजवळ रात्री कोण जागलं, याच्यासाठी शेजारी जागा सोडली आहे. पहिल्या पानावर आजी, आई, थोरल्या आई आणि काकी यांची पूर्ण नावं, माहेरच्या गावासकट, आणि प्रत्येकीनं किती वर्षं धारा काढल्या ते. ज्यांच्या घरी असा गोठा होता किंवा आहे, त्यांनी येत्या वसुबारसेला वासराची पूजा झाल्यावर धार काढणाऱ्या बाईपाशी वही घेऊन बसावं. तिचं नाव, तिच्या जनावरांची नावं आणि तिनं शिकलेलं काम तिच्या तोंडून लिहून घ्यावं, टिकणाऱ्या शाईत. दुधाचा हिशेब चार पिढ्या ठेवता आला, तर हाही ठेवता येईल.