महोगनीचा शेंडा

जुन्या घरातलं जे कपाट हलवायला चार माणसं लागतात, ते महोगनीचं, अशी आपल्याकडे समजूत आहे. महोगनी म्हणजे लाकूड कमी आणि घराण्याची प्रतिष्ठा जास्त! झाड मात्र परमुलखातलं : कॅरिबियन बेटांचं, मध्य आणि दक्षिण अमेरिकेचं. शास्त्रीय नाव स्विटेनिया. जॅक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६० साली ते ठेवलं, मारिया थेरेसा राणीचे राजवैद्य व्हान स्वीटेन यांच्या नावावरून. रक्त पिणाऱ्या भुतांच्या अफवा याच वैद्यबुवांनी खोडून काढल्या. भुताला न भ्यायलेल्या माणसाच्या नावाचं झाड, पण एका अळीपुढे हात टेकतं!

१७२१ साली इंग्लंडने वसाहतींच्या लाकडावरची जकात उठवली आणि साहेबाच्या टेबल-खुर्च्यांपायी तिकडची जंगलं विरळ होऊ लागली. मोठ्या पानांच्या महोगनीच्या परदेशी व्यापाराला २००३ पासून परवाना लागू लागला. भारतात महोगनी १७९५ सालीच कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात येऊन दाखल झाली होती.

आमचे आप्पा आता पंचाहत्तरीत आहेत. कोकणातल्या जमिनीत त्यांनी दोनशे रोपं लावली.

"तोडायला कधी येतील?" मी विचारलं.

"मला विचारू नकोस, नातवाला विचार."

"आणि मधल्या काळात भाजी कोण आणणार?" काकू आतून म्हणाल्या.

तिसऱ्या पावसाळ्यात अळी आली. ती कोवळा शेंडाच पोखरते. शेंडा वाळतो, बाजूने दोन-तीन फुटवे निघतात आणि सरळ सोटाऐवजी बेचकी तयार होते. बेचकीचं कपाट होत नाही. जंगलात ही झाडं एकमेकांपासून लांब असतात. आपण ती ओळीने लावतो, म्हणजे अळीला पंगतच वाढतो. आप्पांनी मग मधेमधे दुसरी झाडं लावली, जादा फुटवे छाटून एकच सरळ ठेवला.

"एवढा खटाटोप कशाला, आप्पा? अरुण तर अमेरिकेत."

आप्पा कोयता पुसत म्हणाले, "तिकडची झाडं इकडे आली, इकडची मुलं तिकडे गेली. हिशेब बरोबर! पण मी गेल्यावर तो जमीन विकायला येईल ना, तेव्हा झाडं अर्धवट वाढलेली असतील. म्हणेल, आणखी दहा वर्षं थांबू."

काकूंनी काही न बोलता चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.