साका आणि निवळी

दोन स्वच्छ द्रावणे एकत्र येताच जो न विरघळणारा पदार्थ वेगळा होऊन तळाशी बसतो, त्याला आपल्या विज्ञानलेखनाने 'अवक्षेप' या संस्कृत शब्दाबरोबरच 'साका' हा घरगुती शब्दही दिला. मला दुसराच अधिक जवळचा वाटतो. साका म्हटले की वरची निवळीही आठवते. आणि या प्रकरणात खरी साक्ष निवळीचीच असते.

माझी नात येथे, बंगळुरात, प्री-युनिव्हर्सिटीच्या वर्गात शिकते. तिच्या वहीत एक उदाहरण होते: १७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट आणि १७ ग्रॅम मीठ यांची द्रावणे मिसळली, तर आधी काय संपेल? वजने सारखी, तेव्हा दोन्ही एकदमच संपावीत, असे मन सांगते. परंतु रेणूंचा व्यवहार तराजूने नव्हे, नगांनी चालतो. १७० ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटला ५८.५ ग्रॅम मीठ पुरते. म्हणजे १७ ग्रॅमला ५.८५ ग्रॅम. चांदीचा क्षार आधी संपतो, १४.३५ ग्रॅम सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो, आणि ११ ग्रॅमांहून अधिक मीठ निवळीत न दिसता राहते. पडताळा सोपा आहे. निवळी गाळून दोन नळ्यांत घ्यावी. एकीत मिठाच्या, दुसरीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे थेंब टाकावेत. जी नळी पुन्हा गढूळ होईल, तिच्यात टाकलेला पदार्थच आधी संपलेला होता.

हा धडा या शहरातील न्हाणीघरांनाही ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात म्हैसूर संस्थानातील चंदनाची निर्यात अडली, आणि त्यातून पुढे येथील चंदनी साबण जन्माला आला. तो कावेरीच्या पाण्यात लवकर फेसाळतो. बोअरच्या जड पाण्यात मात्र आधी चिकट साका होतो. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाला धरून बसतात. ते संपेपर्यंत साबणच अपुरा. ते संपले की फेस येतो. फेस म्हणजे आता दुसरा पक्ष संपला, याची खूणच.

परप्रांतातील मराठीविषयी बोलताना मला हे उदाहरण टाळता येत नाही. शहाजीराजांच्या दरबाराशी निगडित जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त अनेक भाषा एकत्र नांदतात. या शहराला भाषांचे मिश्रण नवे नाही. आमच्या घरातही कन्नड, इंग्रजी आणि मराठी आहेत. मराठी टिकावी म्हणून आम्ही मंडळी ग्रंथ जमवतो, व्याख्याने ठरवतो, पारितोषिके देतो. माझी चार कपाटे भरलेली आहेत. नात मराठी समजते, उत्तर मात्र कन्नडात देते. आणि त्या कन्नडात जी सहजता आहे, तिचा मला आनंदच आहे. परंतु गेल्या वर्षी तिची आजी गेल्यापासून या घरात दुपारची मराठी थांबली: भाजी निवडताना चालणारी, विषय नसलेली. तेव्हापासून मी कपाटात कितीही पुस्तके वाढवली, तरी निवळी तशीच नितळ राहते.

म्हणून सध्या पुस्तकखरेदी थांबवून मी रोज दुपारी तासभर तिच्याबरोबर शेंगा सोलतो. अवकाश मिळाला की ती मला मोल समजावून सांगते. काल त्यातली दोन वाक्ये मराठीत होती.